कुलवृत्तांतातला ‘निर्वंश’

दिवाळीच्या तोंडावर घर झाडायला काढले की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरते आणि तिच्या तळाशी ठेवलेला आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत बाहेर निघतो. चाळीसच्या दशकात छापलेला, कापडी बांधणीचा, साडेतीनशे पानांचा हा ग्रंथ. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाईच्या धरणातून सोडलेले पाणी सुरत शहरात शिरले तेव्हा अडाजणला आमच्या तळमजल्यात छातीएवढे पाणी होते. ग्रंथ दोन दिवस पाण्यात राहिला. वाळवून झाल्यावर तो फुगून दुप्पट झाला. काही पाने कायमची चिकटली. वर्षातून एकदा मी त्याला ऊन दाखवतो आणि परत ठेवून देतो.

यंदा मात्र तो परत ठेवता आला नाही. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढण्याचे कुलमंडळाने योजले असून माहितीचा छापील तक्ता घरोघर आला आहे. तो भरण्यासाठी म्हणून जुना ग्रंथ उघडला, आणि वाचता वाचता मनात आले, की आपल्या भाषेत असे कितीतरी ग्रंथ निघाले, घराघरांत जपून ठेवले गेले, पण त्यांच्याकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची तसदी आपण टीकाकार मंडळींनी फारशी घेतली नाही. आत्मचरित्रावर आपण प्रबंध लिहितो, बखरीवर लिहितो. कुलवृत्तांत मात्र घरगुती खाते. प्रस्तुत लेखात त्याचे थोडे परीक्षण करावे असे योजले आहे. वाचकांपैकी अनेकांच्या माळ्यावर असा एखादा ग्रंथ असेल. त्यांनी तो शेजारी घेऊन बसावे.

कुलवृत्तांत हा छापखान्याच्या युगातला, मुख्यतः विसाव्या शतकातला प्रकार आहे. त्याच्या पाठीशी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी लावलेले वेड आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 साली निघाला आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. जुन्या वाड्यांतल्या रुमालांत बांधलेले कागद म्हणजे इतिहास, ही जाणीव त्या पिढीला झाली. साहजिकच प्रत्येक घराण्याला आपापले रुमाल सोडून पाहावेसे वाटू लागले. गोखले, केळकर, लिमये, साठे, पेंडसे, दामले अशा किती तरी घराण्यांचे कुलवृत्तांत निघाले. कोकणस्थांत आडनावे मोजकी, मूळ साठ आणि गोत्रे चौदा असे सांगतात. त्यामुळे तिथे हे काम सोपे गेले असावे. पुढे इतर समाजांनीही तो कित्ता गिरवला.

या ग्रंथांची घडण ठरलेली असते. आधी देवाला नमस्कार, मग देणगीदारांची नावे. मग गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव. त्यानंतर मूळ पुरुष, आणि त्याच्यापासून फुटलेल्या शाखांचे वंशवृक्ष. शेवटी व्यक्तींची माहिती: जन्म, विवाह, शिक्षण, नोकरी, मृत्यू. पाच शब्दांत एक जन्म आणि दोन शब्दांत एक मरण. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही टेलिफोनची डिरेक्टरी वाटेल. पण थोडा दम धरला तर या कोरड्या गद्यातून विलक्षण गोष्टी हाती लागतात. एकाच वर्षी एकाच घरातली चार माणसे गेलेली दिसतात आणि साल पाहून आपण म्हणतो, हा प्लेग, हा इन्फ्लुएंझा. तीन भावांपैकी एक वेदशाळेत, दुसरा रेल्वेत आणि तिसरा ‘परागंदा’ असे वाचले की एका पिढीत काय उलथापालथ झाली ते कळते. कादंबरीकाराला जे सांगायला तीनशे पाने लागतात ते कुलवृत्तांत कधी कधी तीन ओळींत सांगून मोकळा होतो, आणि तेही आपण काही सांगतो आहोत याची जाणीव नसताना. त्याचा हा निरागसपणा हा मला त्याचा सर्वांत मोठा वाङ्मयीन गुण वाटतो.

दोष सुरू होतो तो मूळ पुरुषापाशी. जिथे कागद संपतात तिथे कुलवृत्तांताची भाषा एकदम बदलते. ज. आणि मृ. अशी काटकसर करणारा लेखक अलंकार वापरू लागतो. मूळ पुरुष सहसा पराक्रमी तरी असतो किंवा तपस्वी तरी. तो कुणाकडे उसनवारी करून गावातून पळाला असे कुठे वाचनात येत नाही. आम्हां सुरतकर मराठी मंडळींची तर एक खास आख्यायिका आहे. इथल्या निम्म्या घरांत सांगतात, आमचे पूर्वज महाराजांबरोबर सुरतेला आले. शिवाजी महाराज सुरतेस दोनदा आले, 1664 च्या जानेवारीत आणि 1670 च्या ऑक्टोबरात. दोन्ही वेळा मुक्काम मोजक्या दिवसांचा. आले, काम उरकले आणि वेगाने परतले. बिऱ्हाडे मांडायला कुणी मागे राहिले असेल हे संभवत नाही.

मग आम्ही आलो कसे? आलो ते निरनिराळ्या वाटांनी. काही घराणी गायकवाडांबरोबर आली. पिलाजीराव गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगडला. पुढे राजधानी बडोद्यास गेली तरी नवसारी, व्यारा, सोनगड हा मुलूख बडोदे संस्थानात राहिला आणि तिथल्या कचेऱ्यांत मराठी कारकून लागले. काही लोक तापी व्हॅली रेल्वेने आले. 1900 च्या सुमारास सुरत ते अमळनेर लोहमार्ग पुरा झाला आणि खानदेश सुरतेच्या दारात आला. तेव्हापासून आजवर नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसे त्याच गाडीने उतरून उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत यंत्रमागावर आणि गिरण्यांत कामाला लागली. आणि काही मराठी माणसे तर जागची हललीच नाहीत. 1960 साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उच्छल-निझरकडची खानदेशातली गावे आणि ठाणे जिल्ह्यातला उंबरगाव गुजरातेत आला. माणसे तिथेच, राज्य बदलले. यांपैकी कोणत्याही वाटेत लाज वाटण्यासारखे काही नाही. पण कारकुनाचा, मजुराचा आणि सीमारेषेचा वंशज होण्यापेक्षा स्वाराचा वंशज होणे आपल्याला बरे वाटते. समीक्षकाने इथे हात धरला पाहिजे. ज्या पानावर कुलवृत्तांत वीररस आळवतो त्या पानावर तो सर्वांत कमी विश्वसनीय असतो.

याचा अर्थ मूळ पुरुषाची कथा टाकाऊ असा नाही. ती कुणी, केव्हा आणि कशासाठी सांगितली हे पाहिले पाहिजे. आपल्या या टापूतलेच उदाहरण घ्या. राजवाड्यांनी 1924 साली ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली. केळवे-माहीमपासून मुंबईपर्यंतच्या उत्तर कोकणची ही बखर. बिंब राजाबरोबर कोणती कुळे आली, त्यांचे वंश कोणते, वतने कोणती, याच्या याद्या तिच्यात आहेत. एका अर्थी ती एका मुलखाचा कुलवृत्तांतच. तिच्यातला जुना भाग 1448 साली केशवाचार्यांनी मालाडच्या देसाई नायकोरावाच्या सांगण्यावरून लिहिला. सत्तापालट झाला होता, कोण कुठला हे लोक विसरू लागले होते, आचार सुटत चालले होते. अशा वेळी कुळे सांगून ठेवावीत असे त्या देसायाला वाटले. म्हणजे यादी जन्मली ती विसर पडण्याच्या भीतीतून. त्या यादीतले प्रत्येक कूळ खरोखर बिंबाबरोबर आले की नाही हा वेगळा प्रश्न. ही भीती मात्र खरी आहे. आमच्या घरी आलेल्या छापील तक्त्यामागेही तीच भीती आहे, आणि ती मला परकी नाही. माझ्या शाळेतली किती तरी मराठी घरांतली मुले घरी मराठी बोलतात पण वाचतात गुजराती आणि इंग्रजी. शिरोरेघ दिसली की त्यांना ती हिंदी वाटते. आमच्या घराण्याचे मोडी कागद माझ्या आजोबांना वाचता येत, वडिलांना अडखळत, मला चार अक्षरे. उतरण कुठे चालली आहे ते सांगायला ज्योतिषी नको.

इथे आडनावांचा प्रश्न येतो. कुलवृत्तांताचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा असतो: आडनाव एक म्हणजे रक्त एक. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे गृहीत पावलोपावली फसवे ठरताना दिसते. ‘देसाई’ घ्या. ‘श्रीमान योगी’चे लेखक रणजित देसाई कोल्हापूरकडच्या कोवाडचे मराठा, माजी पंतप्रधान मोरारजी देसाई वलसाडजवळच्या भदेलीचे अनाविल ब्राह्मण. आडनाव एक, नाते काही नाही. कारण देसाई हे रक्ताचे नाव नसून वतनाचे नाव आहे. मजुमदार दोन्हीकडे सापडतात, कारण जमाखर्चाचा तो हुद्दा दोन्हीकडे होता. पाटील आणि पटेल हे तर एकाच जुन्या ‘पट्टकील’ शब्दाचे दोन वारस. जळगावकडच्या लेवा पाटीदारांत आपण गुजरातेतून आलो अशी परंपरा सांगतात. त्यांच्यातल्या अनेकांची नातवंडे आज सुरतेत आहेत. तापीच्या काठाने जाऊन येण्याचा हा प्रवास जुना आहे. कोण कुणाच्या मुलखात पाहुणा, हे ठरवायला बसलो तर दिवाळी संपून होळी येईल.

आडनाव केवढे नाजूक असते हे मला पुस्तकाने शिकवले नाही. माझ्याच हाताने शिकवले. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. जूनमधल्या प्रवेशाच्या गर्दीत एक खानदेशी यंत्रमाग कामगार मुलाला घेऊन आला. कागद काही नव्हता. मी विचारत गेलो, तो सांगत गेला, आणि मी गुजरातीत नोंदवहीत लिहीत गेलो. ‘पाटील’ऐवजी ‘पटेल’ लिहिले. ऐकण्यात चूक झाली की लेखणीला सवय होती, आज सांगता येत नाही. बापाला अक्षरओळख नव्हती. त्याने अंगठा दिला. वीस वर्षांनी तो मुलगा, आता दोन लेकरांचा बाप, माझ्यासमोर उभा राहिला. गावाकडचे सातबारा, आजोबाची जन्मनोंद, सगळीकडे पाटील; शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पटेल. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ जोडायची होती, आणि वंशावळ नेमकी माझ्या अक्षरापाशी तुटत होती. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, दोन राज्यांतल्या कचेऱ्यांच्या खेपा. आठ महिन्यांचा पगार त्याने त्यात घातला. जुनी नोंदवही काढून मी त्याला दाखवली. अक्षर ओळखून तो म्हणाला, ‘‘सर, हे तुमचंच ना?’’ मी हो म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, ‘‘मग राहू द्या.’’ त्या ‘राहू द्या’ची टोचणी अजून गेलेली नाही.

वंशावळ हा आपल्याकडे केवळ हौसेचा विषय नाही, हे त्या दिवशी समजले. 2023 साली महाराष्ट्रात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला आणि शाळांच्या, तहसिलांच्या जुन्या वह्या बाहेर निघाल्या. ज्या कारकुनाने शंभर वर्षांपूर्वी घाईत एक शब्द लिहिला किंवा गाळला, त्याच्यावर आज एखाद्या पोराचा प्रवेश अवलंबून आहे. कुलवृत्तांताचे लेखक या अनामिक लेखनिकांची आठवण क्वचितच काढतात. वास्तविक आपली निम्मी आडनावे त्यांनीच ठरवली आहेत.

दुसऱ्याच्या लेखणीने नावे बदललेला एक आख्खा देश आहे: आयर्लंड. त्याची हकीकत आपल्याला जवळची वाटेल. तिथल्या जुन्या भाषेत ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे मुलगा. इंग्रजी अंमलात अनेक घराण्यांचे ओ आणि मॅक गळाले. काही नावांचे तर सरळ भाषांतर झाले. मॅक गावन म्हणजे लोहाराचा मुलगा, तो झाला स्मिथ. पुढे 1845 पासूनच्या मोठ्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यांची पणतवंडे आज अमेरिकेतून, ऑस्ट्रेलियातून आपले गाव शोधत येतात. शोधायचे कुठे? 1922 च्या जूनमध्ये यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधले सरकारी दफ्तर जळाले आणि शतकानुशतकांचे कागद एका दिवसात गेले. शिरगणतीचे कागद पूर्ण उरले ते 1901 आणि 1911 चे. सुरतकराला हे नवे नाही. 1837 साली या शहराने हजारो घरे जाळणारी आग आणि पाठोपाठ तापीचा पूर, दोन्ही एकाच वर्षात पाहिले.

या राखेतून आयरिश अभ्यासकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. एडवर्ड मॅकलायसाट यांचा ‘आयरिश फॅमिलीज’ हा ग्रंथ 1957 साली निघाला. हे गृहस्थ जन्माने नुसते लायसाट. गळालेले मॅक त्यांनी मोठेपणी परत लावून घेतले. म्हणजे अभिमानात ते कमी नव्हते. पण त्यांनी कोणते नाव कोणत्या परगण्यात उगवले, एकच नाव किती ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले, कोणते नाव कशाचे भ्रष्ट रूप, याचा छडा लावला. नाव सारखे म्हणून वंश एक नव्हे, हे आपल्याच लोकांना सांगायला धैर्य लागते. आपल्या कुलवृत्तांतकारांनी ते क्वचितच दाखवले.

त्या भाषेची आणखी एक गंमत आहे. मुलाच्या नावात ‘ओ’ असेल तिथे मुलीच्या नावात ‘नी’ येते. लग्न झालेल्या बाईसाठी पुन्हा वेगळे रूप. नाव ऐकूनच कळते, ही घरची लेक की सून. मराठी कुलवृत्तांताचा सर्वांत मोठा प्रश्न नेमका इथे आहे.

आमच्या जुन्या ग्रंथात माझ्या थोरल्या आजोबांची नोंद साडेतीन ओळींची आहे. जन्म, विवाह, व्यारे येथे संस्थानी नोकरी, आणि शेवटी एक शब्द: ‘निर्वंश’. हा शब्द कुलवृत्तांतात सर्रास येतो. आपण तो वाचून पुढे जातो. थोरल्या आजोबांना तीन मुली होत्या. एक नवसारीला दिली, एक बडोद्याला, एक इथे सुरतेत. सुरतेची आत्या गोपीपुऱ्यात राहायची. तिच्या ओट्यावर मी मुळाक्षरे गिरवली. मोडीची ती चार अक्षरेही तिनेच शिकवली. आमचे पणजोबा महाराजांबरोबर आले नाहीत, एक पितळी घागर, एक पंचांग आणि नोकरीचे पत्र घेऊन गाडीने आले, हेही तिनेच सांगितले. घराण्याची स्मृती जिच्यापाशी होती तिचा बाप ग्रंथात निर्वंश आहे.

हे एका घराचे रडगाणे नाही. प्रकाराचीच ही रचना आहे. जुन्या कुलवृत्तांतांत बाई येते ती सून म्हणून: माहेरचे नाव, सासरचे नाव, मुलगे अमुक. लेक आली तरी शेवटच्या ओळीत. आता जरा मराठी वाङ्मयाकडे पाहा. बहिणाबाई माहेरच्या आसोद्याच्या महाजन, सासरच्या जळगावच्या चौधरी. 1951 साली त्या गेल्या; 1952 साली त्यांची गाणी छापली गेली. ती छापली नसती तर वंशवृक्षात त्या सोपानदेवांच्या आई म्हणून एका रेघेवर राहिल्या असत्या. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या गोखले, नाव मनकर्णिका. पती ख्रिस्ती झाले 1895 साली. त्या घराचे पुढे काय झाले हे कळायला वंशवृक्ष उपयोगी पडत नाही, ‘स्मृतिचित्रे’ वाचावी लागतात. रमाबाई रानडे यांच्या 1910 सालच्या आठवणी काढून टाका, न्यायमूर्तींच्या घरातले दिवाणखाने उरतील, स्वयंपाकघर जाईल. माझे म्हणणे असे, की मराठी कुलवृत्तांताची गाळलेली पाने मराठी बायकांच्या आत्मचरित्रांत छापलेली आहेत. हे दोन प्रकार शेजारी ठेवून वाचले पाहिजेत; एकाशिवाय दुसरा अर्धा.

परंपरा आड येते असे कुणी म्हणेल. कोणती परंपरा? नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजे स्वतःला गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र म्हणवतात. गौतमी बलश्री या राजमातेचा मोठा शिलालेख तिथे आहे. आईचे नाव आधी लावण्याची चाल या मातीत दोन हजार वर्षांची जुनी. महाराष्ट्र शासनाने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव घालण्याचा नियम केला तेव्हा काही जणांना ती नवी टूम वाटली. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला तसे वाटायचे कारण नाही.

कुलवृत्तांताने कसे व्हावे याचा एक नमुना आपल्या भाषेतच, आणि आपल्या खानदेशातूनच आला आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ ही कादंबरी 2010 साली निघाली. खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावरून, वडील अत्यवस्थ असल्याचे कळून, मोरगावच्या घराकडे निघतो आणि सारे घराणे, सारे गाव त्याच्या डोक्यात उसळू लागते. ‘जगण्याची समृद्ध अडगळ’ हे त्या कादंबरीचे उपनाव. अडगळ हा शब्द त्यांनी नेमका पकडला. कादंबरी पसरट आहे, कधी कधी वाचकाचा अंत पाहते, आणि तिच्यातल्या काही मतांशी भांडावेसे वाटते. पण तिथे मूळ पुरुषाचा देव्हारा नाही. आत्या, काकू, गडी, फकीर, गावाबाहेरचे लोक, सगळे एकाच पसाऱ्यात आहेत. घराणे म्हणजे वरून खाली येणारी एक रेघ नसून आडवातिडवा पसारा आहे, हे तिने दाखवले. छापील कुलवृत्तांताला कादंबरी होता येणार नाही, आणि होऊही नये. त्याचा तुटकपणा हेच त्याचे बळ. पण रेघा कुठे थांबवायच्या हे ठरवताना ती शेजारी असावी.

इरावती कर्वे यांनी नात्यांच्या जाळ्याचा अभ्यास आयुष्यभर केला. त्यांचे स्वतःचे नाव पाहा. जन्म ब्रह्मदेशातला, म्हणून तिथल्या नदीचे नाव मुलीला दिले. माहेरच्या करमरकर, सासरच्या कर्वे. या तीन शब्दांत एक नदी, एक माहेर आणि एक सासर आहे. वंशवृक्षात यांतला एकच शब्द रेघेवर चढतो. आमच्या सीमेवरच्या घरांतही असेच. मुलाच्या नावाआधी आडनाव लावायची गुजराती रीत, आजोबांच्या नावातला ‘राव’ जाऊन आलेला ‘भाई’, आजीच्या ‘बाई’ची झालेली ‘बेन’: हा आमचा भ्रष्टाकार नसून आमचा वृत्तांत आहे. कुलवृत्तांतकार ही रूपे सुधारून ‘शुद्ध’ करतात आणि नेमका तेवढा इतिहास पुसतात. नाव जसे वापरात होते तसे छापावे; मूळ रूप हवे तर खाली द्यावे.

आता त्या तक्त्याकडे येतो. नव्या आवृत्तीच्या संपादकांनी काळ ओळखला आहे, याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. मुलींसाठी स्वतंत्र रकाना आहे. शिक्षण, नोकरी, पतीचे नाव, सगळे विचारले आहे. मात्र सोबत जोडलेल्या नमुन्याच्या वंशवृक्षात मुलीच्या नावाखाली रेघ जात नाही. ती तिथेच थांबते. मला दोन मुली. थोरलीला एक मुलगी आहे, सात वर्षांची. नमुन्याप्रमाणे तक्ता भरला तर माझ्या नावाखालची रेघ एका घरानंतर संपते. ‘निर्वंश’ हा शब्द आता कुणी छापणार नाही, सभ्यता तेवढी वाढली आहे. पण कोरी जागा तेच सांगेल.

मी तक्ता भरला आहे आणि पाच गोष्टी आगाऊपणाने जोडल्या आहेत. मुलींच्या नावांखाली पेन्सिलीने रेघ ओढून नातीचे नाव लिहिले. थोरल्या आजोबांच्या तीन मुलींची, त्यांच्या मुलानातवंडांची यादी वेगळ्या कागदावर जोडली. एकोणीस माणसे निघाली. पणजोबांच्या आगमनाची हकीकत आत्याच्या नावाने दिली, ‘ऐकीव’ असा शेरा मारून, कारण तिलाही ती ऐकूनच माहीत होती. आख्यायिका छापायचीच असेल तर ती आख्यायिका आहे असे लिहावे, अशी विनंती केली. आणि शेवटी एक सूचना: प्रत्येक शाखेचा गोषवारा, ती शाखा आज जिथे राहते तिथल्या लिपीतही छापावा. सुरत-बडोद्याच्या घरांसाठी गुजरातीत, बेळगाव-धारवाडच्या घरांसाठी कानडीत. ही सूचना लिहिताना मराठीचा शिक्षक म्हणून हात जड झाला. पण जो ग्रंथ घरातले पोर वाचू शकत नाही तो जपून ठेवण्यात आणि पुरात सोडून देण्यात फरक किती, हा हिशेब मी ट्रंकेपाशी बसून अनेकदा केला आहे.

संपादकांचे उत्तर अद्याप आलेले नाही. एकोणीस माणसांसाठी पाने वाढतील, खर्च वाढेल, असे ते म्हणतील. तसे म्हणाले तर वर्गणी पाठवीन.

नात दिवाळीला आली आहे. ग्रंथ उन्हात ठेवला होता, तिथे येऊन तिने विचारले, ‘‘आजोबा, यात मी आहे?’’ म्हटले, अजून नाही. तिला शिरोरेघेचे अक्षर नीट येत नाही. संध्याकाळी पाटी घेऊन बसलो आणि तिचे नाव, मग तिच्या आईचे, मग आजीचे, मग त्या गोपीपुऱ्याच्या आत्याचे, अशी चार नावे गिरवून घेतली. चौथ्या नावाला ती कंटाळली. उरलेली उद्या.